घर सोडण्याचा हक्क

‘पळून गेली’ हे शब्द आपल्याकडे बहुतेक वेळा बाईच्याच वाट्याला येतात. पुरुष नोकरी सोडतो, गाव सोडतो, मुंबई गाठतो. बाई जाच सोसवेना म्हणून उंबरठा ओलांडून गेली, की ती ‘पळालेली’ असते. मग ती का गेली हे कोणी विचारत नाही. कुठे गेली आणि तिला परत कशी आणायची, एवढेच विचारले जाते. सौदी अरेबियात घरकामाला गेलेल्या परदेशी बाईने मालकाचे घर सोडले, की तिच्या नावावर जी नोंद होते तिला ‘हुरूब’ म्हणतात. अर्थ तोच, पळून जाणे. मालकाने अशी तक्रार केली की बाईचा त्या देशातला मुक्कामच बेकायदेशीर ठरतो. पगार थकला होता का, मारहाण झाली होती का, मालकाच्या मुलाने अंगाला हात लावला होता का, हे प्रश्न पुढचे. आधी ती पकडली जाते.

घरकामासाठी परदेशी गेलेल्या बायांच्या छळाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. दर बातमीनंतर हळहळ होते, मंत्र्यांचे निवेदन येते, अमुक मालकीण किती क्रूर होती याची चर्चा होते आणि शेवटी ‘कशाला जातात या बाया तिकडे?’ या प्रश्नावर सारे थांबते. मैत्रिणींनो, हा प्रश्न विचारणे आता आपण थांबवायला हवे. त्या का जातात हे आपल्याला ठाऊक आहे: कर्ज आहे, मुलींची लग्ने आहेत, दारुड्या नवरा आहे, पोटाला काम नाही. विचारायचे ते हे, की त्यांना तिथून निघता का येत नाही? ज्या कामगाराला काम सोडता येत नाही, त्याच्या बाकीच्या साऱ्या हक्कांना काही अर्थ उरत नाही. घर सोडण्याचा हक्क हा घरकामगार स्त्रीचा पहिला हक्क आहे. तो नाकारण्यात तिकडच्या मालकांबरोबर इकडच्या सरकारचा आणि आपल्या समाजाचाही वाटा आहे.

दाराला बाहेरून कुलूप

आखाती देश, जॉर्डन आणि लेबनॉन येथे परदेशी कामगार ज्या पद्धतीने आणले जातात तिला कफाला म्हणतात. कफील म्हणजे हमीदार. कामगाराचा व्हिसा, राहण्याचा परवाना आणि नोकरी या तिन्ही गोष्टी या एका हमीदाराच्या हाती असतात. तो नाराज झाला की नोकरीबरोबर त्या देशात श्वास घेण्याचा हक्कही जातो. बांधकामावरच्या मजुरालाही हा जाच आहेच. पण त्याच्या खोलीत आणखी दहा-वीस जण असतात. रात्री एकमेकांना हिशेब सांगता येतो, कधी सगळे मिळून काम बंदही पाडतात. घरकामगार बाईचे कामाचे ठिकाण आणि राहण्याचे ठिकाण एकच. तिचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात, मोबाइल मालकिणीच्या ताब्यात, झोपायला स्वयंपाकघराचा कोपरा नाहीतर मुलांच्या खोलीतली जमीन. तिच्या दाराला आतून कडी नसते, घराला मात्र बाहेरून कुलूप असते.

यात पैशाचाही हिशेब आहे. बाई मिळवण्यासाठी मालक एजन्सीला मोठी रक्कम मोजतो. एकदा रक्कम मोजली की ‘मी हिच्यासाठी पैसे भरले आहेत’ ही भाषा सुरू होते. पासपोर्ट काढून घेणे, बाहेर न पाठवणे, पगार थकवून ठेवणे हे सारे त्याला आपला पैसा सांभाळण्याचे उपाय वाटतात. एखाद्या मालकाचा स्वभाव चांगला असेल तर बाईचे नशीब. पण ज्या व्यवस्थेत बाईची सुरक्षितता मालकाच्या स्वभावावर सोडलेली असते, ती व्यवस्थाच दोषी आहे.

२०१५ साली तामिळनाडूतील पन्नाशी उलटलेल्या एका बाईचा हात रियाधमध्ये तुटला. ती काही महिन्यांपूर्वीच घरकामाला गेली होती. घरच्या लोकांनी सांगितले, छळ असह्य होऊन ती निघायला लागली म्हणून तिचा हात तोडण्यात आला. तिकडच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे पडले, की खिडकीवाटे निसटताना ती खाली पडली. आपल्या वर्तमानपत्रांत या दोन म्हणण्यांपैकी खरे कोणते यावर वाद झाला. पण दोन्ही म्हणण्यांत एक गोष्ट सारखीच आहे. ती बाई त्या घरातून निघू पाहत होती आणि दारातून चालत निघणे तिला शक्य नव्हते. कफाला म्हणजे काय ते एवढ्यात कळते.

लेबनॉनमध्ये १९४६ च्या कामगार कायद्यातून घरकामगारांना उघडपणे वगळलेले आहे. ‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने २००८ साली तिथल्या मृत्यूंची मोजणी केली. जानेवारी २००७ पासून जेमतेम वीस महिन्यांत किमान ९५ परदेशी घरकामगार बाया मरण पावल्या होत्या, म्हणजे आठवड्याला एकीहून जास्त. त्यांतील ४० मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदवले होते आणि २४ जणी उंच इमारतींवरून पडून गेल्या होत्या. गॅलरीतून खाली उतरू पाहणारी बाई आणि जीव द्यायला उडी मारणारी बाई यांतला फरक पोलिसांच्या कागदावर फारसा उरत नाही.

आता याची दुसरी बाजू पाहा. २०२० च्या जूनमध्ये लेबनॉनचे चलन कोसळले, पगार द्यायला मालकांकडे डॉलर उरले नाहीत. तेव्हा याच मालकांनी इथिओपियाच्या घरकामगार बायांना गाडीत घालून बैरुतमधील त्यांच्या वकिलातीसमोर, रस्त्यावर आणून सोडले. अनेकींजवळ थकलेला पगार नव्हता, पासपोर्टही नव्हता. काल जिला दारापलीकडे पाऊल टाकू दिले नाही, तिला आज दारात उभे करायला मालक तयार नाही. घरात ठेवणे आणि घराबाहेर काढणे, दोन्ही मालकाच्या मर्जीवर. बाईच्या मर्जीला कुठेच जागा नाही.

हा धर्माचा प्रश्न नाही

या बातम्या आल्या की आपल्याकडे एक सोपे उत्तर तयार असते: ‘त्या लोकांची संस्कृतीच तशी.’ हे उत्तर ज्यांना सोयीचे आहे त्यांनी ते द्यावे. स्त्री-चळवळीने देऊ नये, कारण ते खोटे आहे.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. श्रीमंत कुटुंबांबरोबर लंडनमध्ये आणलेल्या घरकामगार बायांनी आणि ‘कलायान’सारख्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्थांनी अनेक वर्षे लढून मालक बदलण्याचा हक्क मिळवला. १९९८ पासून तो अमलात होता. २०१२ च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश सरकारने तो काढून घेतला आणि व्हिसा पुन्हा एकाच मालकाशी बांधला. टीका वाढल्यावर २०१६ मध्ये मालक बदलण्याची मुभा परत दिली, पण व्हिसाची मुदत सहा महिन्यांचीच ठेवली. सहा महिन्यांच्या उरलेल्या आठवड्यांसाठी कोण नवा मालक कामावर ठेवणार? लोकशाहीचे माहेरघर म्हणवणाऱ्या देशाने कफालाच आपल्या भाषेत लिहून काढली. हाँगकाँगमध्ये १९८७ पासून नियम आहे, की परदेशी घरकामगाराचा करार संपला वा मोडला की तिने दोन आठवड्यांत देश सोडावा. दोन आठवड्यांत नवी नोकरी आणि नवा परवाना मिळत नाही हे सर्वांना माहीत आहे. म्हणून मारहाण सोसूनही बाया करार मोडत नाहीत.

आणि आपला इतिहास? १८५९ साली इंग्रजांनी इथे एक कायदा केला. उचल घेऊन काम सोडून जाणाऱ्या मजुराला आणि कारागिराला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करून कामावर परत धाडायचे, नाहीतर तुरुंगात टाकायचे. तो रद्द व्हायला १९२५ साल उजाडले. ऊसतोडीच्या उचलीत अडकलेल्या बायांना हे फार जुने वाटणार नाही. आणि रखमाबाई! लहानपणी लावून दिलेले लग्न न मानता नवऱ्याकडे नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने सांगितले, की नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. घर सोडणारी बाई गुन्हेगार ठरवायला कोणत्या एका धर्माची वा देशाची मक्तेदारी लागत नाही. पुरुषप्रधान व्यवस्था आणि मालकशाही यांचे जिथे जिथे साटेलोटे होते, तिथे तिथे हे होते.

संरक्षणाच्या नावाखाली

आता आपल्या सरकारकडे वळू. दहावी पास नसलेल्या भारतीयाला आखाती देशांसह १८ देशांत कामासाठी जायचे तर १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली सरकारची परवानगी लागते. घरकामाला जाणाऱ्या बाईसाठी सरकारने आणखी अटी घातल्या: तिचे वय ३० च्या वर हवे, आणि २०१६ पासून तिची भरती फक्त सरकारी भरती-संस्थांमार्फतच व्हावी. हेतू संरक्षणाचा आहे असे सांगितले जाते. पण पुरुष मजुरावर अशी वयाची अट नाही. म्हणजे तिशीच्या आतली बाई सज्ञान आहे, मत देते, लग्न करते, मुलांना जन्म देते, पण स्वतःच्या कामाचा निर्णय घ्यायला लायक नाही!

या अटींनी बाया जायच्या थांबल्या का? आंध्रच्या कडप्पा आणि गोदावरी जिल्ह्यांतून कुवेतला जाण्याची वाट थांबली नाही. एवढेच झाले की एजंटाचा भाव वाढला. तो पर्यटनाचा व्हिसा काढून देतो, विमानतळावर कोणत्या खिडकीशी उभे राहायचे ते सांगतो, काठमांडू नाहीतर कोलंबोमार्गे पाठवतो. अशी गेलेली बाई तिथे पोचते तीच मुळी बेकायदेशीर म्हणून. तिच्याजवळ नोंदवलेला करार नाही, वकिलातीच्या यादीत तिचे नाव नाही. बंदी घालून सरकार हात झटकते आणि बाई एजंटाच्या हाती सापडते.

नेपाळने हा प्रयोग आपल्याआधी आणि आपल्यापेक्षा कडकपणे केला. १९९८ साली कुवेतमध्ये एका नेपाळी घरकामगार बाईचा मृत्यू झाल्यावर तिथल्या सरकारने आखातात जाण्यावर बंदी घातली. ती सैल होत गेली, पुन्हा घातली गेली, २०१७ मध्ये परत आली. परिणाम काय झाला? नेपाळी बाया भारताच्या उघड्या सीमेवरून आल्या आणि दिल्ली-मुंबईच्या विमानतळांवरून गेल्या. २०१८ मध्ये दिल्ली महिला आयोगाने पहाडगंजमधील एका हॉटेलातून ३९ नेपाळी तरुणींची सुटका केली. त्यांना आखातात पाठवण्यासाठी तिथे आणून ठेवले होते.

श्रीलंकेच्या रिझाना नफीकची गोष्ट तर प्रत्येक महिला-मंडळात सांगायला हवी. २००५ साली ती सौदी अरेबियात घरकामाला गेली तेव्हा १७ वर्षांची होती. एजंटाने पासपोर्टवर तिचे वय २३ लावले होते. स्वयंपाकपाणी आणि सफाईबरोबर चार महिन्यांचे बाळही तिच्याकडे सोपवले गेले. दूध पाजताना बाळाचा श्वास कोंडला असे ती सांगत राहिली. तिच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. पासपोर्टावरचे वय खोटे होते हे तिला वाचवायला उपयोगी पडले नाही. त्यानंतर श्रीलंकेच्या सरकारने काय केले? सौदीला जाणाऱ्या बाईचे किमान वय वाढवून २५ केले. जे वय एजंट कागदावर वाटेल तसे लिहू शकतो हे रिझानाच्या मृत्यूने दाखवून दिले होते, तेच वय उपाय म्हणून पुढे आले. बाईवर अन्याय झाला की बाईवरच आणखी एक बंधन, हा न्याय आपल्याला घराघरातून परिचित आहे. मुलीची छेड काढली की मुलीचे कॉलेज बंद!

आपल्या सोसायटीत काय चालते

परदेशातल्या मालकांकडे बोट दाखवताना आपल्या दाराकडेही पाहायला हवे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कमधील भारतीय उपवाणिज्यदूत बाईंना अमेरिकन पोलिसांनी अटक केली. आरोप असा होता, की घरकामासाठी भारतातून नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांत एक पगार दाखवला आणि प्रत्यक्षात फार कमी पगाराचा दुसरा करार केला. अधिकारी बाईंची अंगझडती घेण्यात आली. त्याचा निषेध व्हायलाच हवा होता. पण सारा देश पेटून उठला तो एवढ्यापुरताच. दिल्लीत अमेरिकन वकिलातीसमोरचे सुरक्षा-अडथळे हटवले गेले, सर्व पक्ष एका सुरात बोलले, देशाचा अपमान झाला म्हणून. पगाराची तक्रार करणारी बाईही याच देशाची नागरिक होती, हे मात्र फारच थोड्यांना आठवले. तिच्या वाट्याला आले ते संशय आणि ‘पळून गेली’ हेच शब्द.

पुढे २०१५ च्या सप्टेंबरमध्ये गुडगावच्या एका फ्लॅटमधून दोन नेपाळी बायांची सुटका झाली. सौदी राजनैतिक अधिकाऱ्याने आपल्याला डांबून ठेवून बलात्कार केले, अशी त्यांची तक्रार होती. सौदी दूतावासाने आरोप फेटाळले. राजनैतिक संरक्षणाच्या आड तो अधिकारी देश सोडून गेला. त्या वेळी आपल्याला राग आला, आणि यायलाच हवा होता. पण दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कच्या प्रकरणात याच संरक्षणाची ढाल आपण अभिमानाने मिरवत होतो. मालकीण आपली असली की देशाभिमान आणि मालक परका असला की स्त्रीची अब्रू, असे दोन काटे लावून न्याय तोलता येत नाही.

२०१७ च्या जुलैत नोएडातील एका बड्या सोसायटीत घरकामाला जाणारी एक बंगाली बाई रात्रभर घरी परतली नाही. सकाळी तिच्या वस्तीतले लोक सोसायटीच्या दारावर धडकले, दगडफेक झाली. तिच्यावर चोरीचा आळ होता, तिचे म्हणणे होते की पगार मागितला म्हणून मारहाण करून डांबले. चौकशी पुरी होण्याआधीच सोसायटीने ठरवून टाकले की ही सारी माणसे ‘बांगलादेशी’ आहेत. वस्तीतल्या लोकांची धरपकड झाली, बायांना कामावर घेणे बंद झाले, सोसायटीसमोरच्या टपऱ्या पाडल्या गेल्या. त्या बाईचे गाव होते पश्चिम बंगालमधले कूचबिहार, आपल्याच देशातले. स्थलांतरित बाईला परकी ठरवायला समुद्र ओलांडावा लागत नाही. झारखंड-छत्तीसगडच्या आदिवासी मुली दिल्लीच्या घरांत ‘चोवीस तासांची मुलगी’ म्हणून ठेवल्या जातात तेव्हा त्यांचा पगार एजन्सीवाला उचलतो, फोन मालकीण ठेवते आणि बाहेर पडू देत नाहीत. याला आपण कफाला म्हणत नाही, इतकाच फरक.

या साऱ्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे: घर हे कामाचे ठिकाण नव्हे आणि घरातले काम हे काम नव्हे. जे काम बायकोने फुकट करायचे तेच मोलकरणीने केले तर त्याचे मोल ते काय, असा हा हिशेब. म्हणून कामगार कायदे घराच्या उंबरठ्याशी थांबतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचे २०१० चे विधेयक आठवा. त्यात घरेलू कामगारांना वगळले होते. स्त्री-संघटनांनी आणि घरेलू कामगार संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे २०१३ च्या कायद्यात त्यांचा समावेश झाला आणि राहते घरही ‘कामाचे ठिकाण’ म्हणून लिहिले गेले. जे लैंगिक छळापुरते मान्य झाले ते पगार, कामाचे तास आणि सुट्टीपुरते मान्य करायला काय हरकत आहे?

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. तो मोर्चे काढून मिळवलेला आहे, त्याचे मोल कमी नाही. पण त्यात कल्याण आहे, हक्क कमी आहेत. आजारपणात वा बाळंतपणात मदत मिळू शकते. किमान पगार किती, आठवड्याची सुट्टी कोणती, खाडा कापायचा की नाही, आणि महिनाअखेर पगार बुडवला तर कोणाकडे जायचे, याचे उत्तर त्यात नाही. देशपातळीवर स्वतंत्र सर्वंकष कायद्याची वाट आपण दशकानुदशके पाहत आहोत. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला तज्ज्ञ समिती नेमून अशा कायद्याचा विचार करायला सांगितले. समित्या पुष्कळ झाल्या आहेत. त्यांच्या मागे रस्त्यावरचा रेटा नसेल तर अहवाल कपाटात जातात.

लढणाऱ्या बाया

या बायांना ‘बिचाऱ्या’ म्हणून पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. खरा इतिहास वेगळा आहे. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी पगारवाढ आणि रजेसाठी संप केला, तेव्हा अशिक्षित बाया संप करतील यावर कोणाचा विश्वास नव्हता. हाँगकाँगमध्ये दर रविवारी फिलिपिनो आणि इंडोनेशियन बाया शहराच्या मध्यभागी रस्त्यांवर, पुलांखाली हजारोंनी जमतात. आठवड्याची सुट्टी त्यांना कायद्याने आहे. त्या सुट्टीतून गप्पा, गप्पांतून संघटना आणि संघटनेतून मोर्चे निघाले. सुट्टी हा आरामाचा प्रश्न आहेच, पण त्याहून जास्त तो एकत्र येण्याचा प्रश्न आहे. जिला सुट्टी नाही तिला मैत्रीण नाही, आणि जिला मैत्रीण नाही तिला संघटना नाही.

बैरुतमध्ये जानेवारी २०१५ मध्ये परदेशी घरकामगार बायांनी युनियन स्थापन केली. सरकारने तिला मान्यता नाकारली. २०१६ च्या अखेरीस तिच्या नेपाळी कार्यकर्त्यांना अटक झाली, एकीला देशाबाहेर काढले गेले. तरी युनियनचे नाव पुसले गेले नाही. १९९५ च्या मार्चमध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या फिलिपिनो घरकामगार बाईला फाशी दिले. तिच्या बाजूने आपल्या सरकारने काहीच केले नाही म्हणून फिलिपाइन्समध्ये लोक एवढ्या संख्येने रस्त्यावर आले, की त्याच वर्षी परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी कायदा करावा लागला. २०१८ मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचा मृतदेह फ्रीजरमध्ये सापडल्यावर त्या सरकारने कामगार पाठवणे थांबवले आणि तीन महिन्यांत कुवेतकडून करार करून घेतला. पासपोर्ट आणि फोन बाईकडून काढून घेता येणार नाही, असे त्यात लिहून घेतले. तेही राज्यकर्ते काही देवमाणसे नव्हेत. त्यांच्या मागे संघटित बाया आणि त्यांच्या घरचे लोक होते.

आणि सर्वांत मोठा विजय १६ जून २०११ चा. त्या दिवशी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला. ३९६ मते बाजूने, १६ विरुद्ध. घरकाम हे इतर कोणत्याही कामासारखे काम आहे, त्याला ठरलेले तास, साप्ताहिक सुट्टी, लेखी अटी हव्यात आणि कामगाराची कागदपत्रे तिच्याजवळच राहायला हवीत, हे त्यात लिहिले आहे. जगात घरकामगारांची संख्या सुमारे ७ कोटी ५६ लाख आहे आणि दर चौघींतल्या तिघी स्त्रिया आहेत, असे याच संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. भारत सरकारने जिनिव्हात या कराराच्या बाजूने हात वर केला. मायदेशी परतून मंजुरीची सही मात्र केली नाही. उरुग्वेने आणि फिलिपाइन्सने दुसऱ्याच वर्षी, २०१२ मध्ये ती केली.

आखातातही भिंतींना तडे गेले आहेत. कुवेतने २०१५ मध्ये, कतारने आणि अमिरातीने २०१७ मध्ये घरकामगारांसाठी कायदे केले. २०२० मध्ये कतारने मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याचा हक्क त्यांनाही दिला. सौदी अरेबियाने २०२१ मध्ये कामगारांसाठी सुधारणा आणल्या तेव्हा मात्र घरकामगारांना बाहेर ठेवले. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये एका फिलिपिनो बाईच्या दाव्यात सांगितले, की घरकामगाराला गुलामासारखे राबवणे हे राजनैतिक कामाचा भाग होऊ शकत नाही, म्हणून तिथे राजनैतिक संरक्षणाची ढाल चालणार नाही. कायदा कागदावर आला म्हणजे घराचे दार उघडले असे नव्हे. पण कागदही आपोआप आलेला नाही.

आपल्या मागण्या, आपले काम

सरकारपुढे आपल्या मागण्या स्पष्ट असायला हव्यात. १८९ क्रमांकाच्या कराराला भारताने मंजुरी द्यावी. घर हे कामाचे ठिकाण मानून किमान पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि एजन्सींची नोंदणी बंधनकारक करणारा देशव्यापी कायदा करावा, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्या बाईलाही तो पहिल्या दिवसापासून लागू असावा. बाईच्या वयावरच्या आणि जाण्यावरच्या खास अटी रद्द कराव्यात. त्याऐवजी प्रत्येक देशाशी करार करताना मालक बदलण्याचा हक्क, बँकेत पगार आणि स्वतःजवळ पासपोर्ट या तीन गोष्टींवर तडजोड करू नये. वकिलातीत आसरा मागायला आलेल्या बाईला थकलेला पगार सोडून देण्याच्या बदल्यात परतीचे तिकीट देणे, म्हणजे मालकाची चोरी सरकारने पचवून देणे आहे. ते बंद व्हावे. आपल्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी काम करणाऱ्यांचा पगार आणि अटी सरकारने स्वतः ठरवून जाहीर कराव्यात.

पण मागण्यांचे निवेदन देऊन आपले काम संपत नाही. आखाताची वाट मुंबईच्या विमानतळावरून जाते. गोव्यातल्या कितीतरी घरांतून ‘आया’ म्हणून बाया तिकडे गेल्या आहेत. या वाटेवर आपण उभे राहू शकतो. वस्तीतली एखादी बाई निघाली असेल तर ‘जाऊ नकोस’ असे सांगण्यापेक्षा पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रती संघटनेकडे ठेवून घ्याव्यात. मालकाचा पत्ता, एजंटाचे नाव, वकिलातीचा फोन तिच्या आणि घरच्यांच्या जवळ असावा. पर्यटनाच्या व्हिसावर पाठवत असतील तर त्याचा अर्थ काय होतो ते तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. फसवणूक झाली तर एजंटाविरुद्ध इथल्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला तिच्या घरच्यांबरोबर जावे, कारण तो एजंट इथेच, आपल्याच गल्लीत ऑफिस थाटून बसलेला असतो.

आणि ज्या परत आल्या आहेत त्यांना शोधावे. त्यांना कुजबुजीने बोलायला लावू नये. बाई आखातातून परत आली की गावात पहिला संशय तिच्या चारित्र्यावर घेतला जातो. म्हणून झालेला छळ ती कोणाला सांगत नाही आणि पुढची बाई तेच कागद घेऊन त्याच एजंटाकडे जाते. ही साखळी परत आलेल्या बायाच तोडू शकतात, फक्त त्यांना बसायला जागा आणि ऐकायला माणसे हवीत.

घरेलू कामगारांच्या संघटना आणि स्त्री-संघटना यांच्यात आजवर एक अंतर राहिले आहे. एका बाजूला मोलकरीण बसते आणि दुसऱ्या बाजूला, चळवळीत असली तरी, बऱ्याचदा मालकीण. ते अंतर भाषणांनी मिटणार नाही. आपल्या घरी काम करणाऱ्या बाईची भरपगारी साप्ताहिक सुट्टी ठरलेली आहे का, दिवाळीचा बोनस आणि आजारपणाची रजा लिहून दिली आहे का, ‘तू सोडून जाऊ शकतेस आणि तुझा हिशेब त्याच दिवशी मिळेल’ हे तिला माहीत आहे का, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक गटाने येत्या बैठकीत मांडावीत. येत्या १६ जूनला, घरकामगारांच्या आंतरराष्ट्रीय दिवशी, जिल्ह्याजिल्ह्यात घरेलू कामगार संघटनांबरोबर एकच मोर्चा निघावा आणि त्याच्या पुढे त्या बाया असाव्यात. घोषणा एकच पुरे: काम करू, हक्काने करू, आणि सोडायचे तेव्हा सरळ दारातून बाहेर पडू.